आधी आमची चूक

६ फेब्रुवारी

ठकू,

पोचले बाई एकदाची. बसमध्ये शेजारची बाई विचारत होती, एवढ्या थकलेल्या दिसता, कुठून आलात. मी सांगून टाकलं, टीव्हीवर बातम्या देणारे ते गेले ना परवा, मी त्यांची थोरली बहीण. तर तिने उठून मला खिडकीची जागा दिली. तुझ्या बापाने जाता जाताही माझी सोय करून ठेवली बघ. मग खिडकीकडे तोंड करून मी सगळा रस्ता रडले.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा आपण पत्रंच लिहू. तुझा बाप म्हणायचा, ताईला बातमी द्यायची तर लेखी द्यावी, नाहीतर गावभर वेगळीच पसरते.

काल तुमच्या वाहिनीने त्याच्यावर केलेला कार्यक्रम पाहिला. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. खालच्या मजल्यावरचे आले, समोरचे आले, माझ्या हाताखालच्या जुन्या शिक्षिका आल्या. तुमचे संपादक बोलता बोलता रडले, तेव्हा तो माणूस मला आवडला. आणि शेवटी ती पूल पडल्यानंतरची पत्रकार परिषद दाखवली. मंत्री म्हणतो, पूल कमकुवत झालाय याची मला कल्पनाच नव्हती. आणि आवाज येतो, "साहेब, गेल्या महिन्यात तुम्ही याच गावात आला होता. तेव्हा कोणत्या पुलावरून आलात?" मंत्र्याचं तोंड उघडलं ते मिटेचना. लांबच्या पुलावरून वळसा घालून आला होता ना मेला. खाली पट्टीवर तुझ्या बापाचं नाव. माझ्या खोलीत टाळ्या पडल्या, ठकू. माझा ऊर असा भरून आला की मी सगळ्यांना दोनदा चहा पाजला.

शाळेने नव्या सभागृहाला त्याचं नाव द्यायचं ठरवलंय. तुम्ही इथल्या मुख्याध्यापिका होतात म्हणून नव्हे, त्यांच्या कर्तृत्वावर, असं आत्ताचे मुख्याध्यापक मला मुद्दाम सांगून गेले. दर्शनी भिंतीवर तो प्रश्न मोठ्या अक्षरांत रंगवायचा आहे. रंगारी मीच ठरवला. एप्रिलअखेर उद्घाटन, तुला यावंच लागेल.

जेवत जा. आई नाही, आता बाबाही नाही, म्हणून स्वयंपाकघराला कुलूप घालून बसू नकोस.

तुझी आत्या


१३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी बाबांच्या खुर्चीत बसून वाचलं आणि खिडकीच्या जागेच्या ओळीपाशी हसता हसता रडले. जेवते आहे. काळजी करू नकोस.

आता जे लिहिते ते शांतपणे वाच. तो आवाज बाबांचा नाही.

कार्यक्रम तयार झाला तेव्हा मी रजेवर होते, नाहीतर माझ्याच टेबलावरून तो गेला असता. बातम्यांची दृश्यं कापायची, जोडायची, हेच माझं काम. घरी एकटीने कार्यक्रम पाहिला. प्रश्न आला आणि मी ताठ उठून बसले. बाबांचा आवाज मी ओळखणार नाही का? तो आवाज दाढीकाकांचा आहे. तुला आठवतात ना, दुसऱ्या वाहिनीचे, बाबांचे आयुष्यभराचे प्रतिस्पर्धी. एकाने बातमी आधी दिली की दुसऱ्याला त्या दिवशी जेवण जात नसे.

आणि मग मला आठवलं, त्या प्रश्नाचं कुणी कौतुक केलं की बाबा दरवेळी म्हणायचे, "अहो, तो मी नव्हे." आपण सगळे म्हणायचो, काय हा विनय. ते खरंच सांगत होते गं.

लोक गप्पांत काहीही म्हणोत, पण आता वाहिनीने ते पडद्यावर सांगितलं आहे. आणि बाबांचा एक नेम होता. बातम्यांत आपल्याकडून चूक गेली, की दुसऱ्या दिवशीच्या बातम्या ठळक मथळ्यांनी सुरू व्हायच्या नाहीत. बाबा समोर बघून म्हणायचे, "आधी आमची चूक." मग चूक, मग दुरुस्ती, आणि त्यानंतर जगाच्या बातम्या. एकदा एका जिवंत गृहस्थांना आम्ही मृत म्हटलं होतं. बाबांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, ते हयात आहेत आणि आमच्यावर रागावलेले आहेत. बाबा निवृत्त झाल्यावर हा प्रकार बंद पडला. आता दुरुस्ती संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत येते, मुंगीला वाचता येईल अशी.

मी संपादकांना भेटून दुरुस्ती द्यायला सांगणार आहे, बाबा देत तशीच. तोवर भिंतीवर तो प्रश्न रंगवू नकोस.

ठकू


१९ फेब्रुवारी

ठकूबाई,

तुझं पत्र वाचून माझा चहा गार झाला. रंगाऱ्याने भिंतीला पांढरा हात मारूनही टाकला आहे आणि तू म्हणतेस थांब.

मी काय सांगू लोकांना? ज्या प्रश्नावर टाळ्या वाजवल्यात तो माझ्या भावाचा नाही, टाळ्या परत द्या? माणूस जाऊन महिना झाला नाही. दाढीवाल्याने तक्रार केली आहे का? नाही. मंत्र्याने केली आहे का? तो तर कधीच विस्मरणात गेला. मग कुणाचं काय अडलंय? माझ्या भावाने आयुष्यभर हजार चांगले प्रश्न विचारले असतील, त्यात एक कुणी चुकून त्याच्या पदरात टाकला, तर तो काय चोर ठरतो?

राग मानू नकोस, पण मनात आलं ते लिहिते. तू नवीन होतीस तेव्हा रोज जेवताना तो तुझ्या कामातल्या चुका काढायचा. तू ताटावरून उठून जायचीस, मी पाहिलंय. ते उट्टं तर नाही ना काढत तू आता, तो उत्तर द्यायला नाही म्हणून?

संपादक काय म्हणाले ते कळव. रंगाऱ्याला मी आजारी असल्याचं सांगितलंय. आता मला घराबाहेरही पडता येत नाही.

आत्या


४ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी बरेच दिवस उत्तर न देता ठेवलं. लागलं मला. बाबा माझ्या चुका काढायचे, कारण त्यांना वाटायचं मी त्यांच्याइतकी चांगली होऊ शकते. ते मला तेव्हाच कळत होतं, म्हणून तर ताटावरून उठून जायची. उट्टं नाही गं हे.

संपादक म्हणाले, मेलेल्या माणसाचं श्रेय त्याच्या पोटची पोरगी काढून घेते, हे मी पहिल्यांदा पाहतोय. बाबांनीच त्यांना हाताला धरून काम शिकवलं. पट्टीवरचं नाव त्यांनी स्वतः लिहिलं होतं, म्हणून त्यांना जास्त झोंबलं. सध्या माझ्या कामाची जागा बदलली आहे, पण ठीक आहे.

मी दाढीकाकांकडे गेले होते. दाढी आता पांढरी आहे आणि घरात तीन टीव्ही, सगळे चालू. मी विषय काढला तर म्हणाले, कार्यक्रम पाहिला. नात शेजारी बसली होती, ती म्हणाली, आजोबा, हा तर तुमचा आवाज. त्यांनी तिला सांगितलं, नाही बाळ, त्याचाच आहे.

मी विचारलं, असं का सांगितलंत? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते शब्दाला शब्द लिहिते. "त्या दिवशी ऐन वेळी माझ्या माइकची वायर तुटली. मी प्रश्न विचारला असता, पण टीव्हीवर तो कुणाला ऐकू गेला नसता. तुझ्या बापाने माझं तोंड पाहिलं आणि आपला माइक माझ्यासमोर धरला. त्याला माहीत होतं मी काय विचारणार, तोही तेच विचारायला आला होता. त्याने मला माइक दिला, मी त्याला प्रश्न दिला. फिटंफाट झाली. आता तू मध्ये येऊ नकोस."

आता कळलं चूक कशी झाली? आवाज आमच्या माइकवर, आमच्या टेपवर स्वच्छ आलेला. ज्याने टेपवर चिठ्ठी लावली त्याने गृहीत धरलं की आपल्याच माणसाचा असणार. एरवी प्रतिस्पर्ध्याच्या तोंडासमोर आपला माइक कोण धरतं?

जुन्या टेपांत मला दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्रण सापडलं आहे. त्यात पत्रकारांची रांग दिसते. मी पाहिलं आहे.

ठकू


१० मार्च

ठकू,

आधी माझी चूक. उट्ट्याचं मी लिहायला नको होतं. मास्तरणीची जीभ, दुसरं काय.

आता मुद्द्याचं. प्रश्नाचा धनीच म्हणतोय राहू दे, मग तू कोण आणि मी कोण? माझं मन म्हणत होतं, झालं, मिटलं, रंगाऱ्याला बोलवावं. पण एक भलतीच पंचाईत झाली आहे. उद्घाटनाला मी त्याच्या कामावर बोलायचं आहे. भाषण लिहायला बसले. पहिल्या ओळीत तो प्रश्न लिहिला. दुसरी ओळ सुचेना. इतकी वर्षं रोज संध्याकाळी मी त्याला पाहिलं, आणि पाहिलं काय, तर शर्टाला इस्त्री आहे का, गालफडं बसली आहेत का, सर्दी झाली आहे का. तो काय बोलतो तिकडे माझं लक्षच नसायचं. माझा भाऊ टीव्हीवर आहे एवढंच मला पुरत होतं. तो एक प्रश्न गेला तर माझ्या हातात त्याचे शर्ट तेवढे उरतात.

तेव्हा तुला सापडलेलं ते चित्रण मला पाठव. शेजारचा मुलगा संगणकावर लावून देईल. भाषणापुरतं काहीतरी मिळेल.

आणि दुसरं, बातम्या संपल्यावर नावांची पट्टी सरकते, ती मी वाचते. कान गेले असले तरी डोळे शाबूत आहेत. तुझं नाव महिनाभर दिसलेलं नाही. "कामाची जागा बदलली" म्हणजे काय, ते मला लेखी दे.

आत्या


१६ मार्च

प्रिय आत्या,

लेखी देते. मला बातम्यांवरून काढून टेपांच्या खोलीत बसवलं आहे. जुन्या टेपा लावायच्या, पाहायच्या, संगणकात उतरवायच्या. संपादक म्हणाले, तुला जुनं उकरायची हौस आहे ना, तिथे बस. त्यांना काय माहीत की मला ते चित्रण त्याच खोलीत सापडणार होतं. तुला काळजी नको म्हणून लिहिलं नव्हतं. नोकरी आहे अजून, पण पुढच्या महिन्यात माझा करार संपतो आणि नवा करायचा की नाही ते त्यांच्या हातात आहे.

चित्रण सोबत पाठवते. दाढीकाकांच्या प्रश्नानंतर बंद करू नकोस, पुढेही बघ. गडबड शांत झाल्यावर बाबा हात वर करतात आणि स्वतःचा प्रश्न विचारतात, "पुलाच्या तपासणीचा अहवाल तुमच्या कार्यालयात कोणत्या तारखेला आला?" मंत्री इतका गोंधळलेला आहे की समोरच्या कागदावरून तारीख वाचून दाखवतो. बस. कुणी टाळ्या वाजवत नाही. पण ती तारीख पूल पडण्याच्या आधीची होती. पुढच्या चौकशीत सगळे त्याच तारखेला धरून बसले, आणि मंत्र्याचा राजीनामा आला तो त्या तारखेमुळे.

ठकू


२४ मार्च

माझ्या बाळा,

पाहिलं. शेजारच्या मुलाने एकदा लावून दिलं आणि मग मी त्याला पुन्हा लाव, पुन्हा लाव म्हणून पिडलं. शेवटी बिचाऱ्याने मलाच बटण कुठे आहे ते दाखवलं.

रांगेत त्याचा चेहरा दिसत नाही. समोर एक जाडा माणूस उभा आहे, त्याला मी वाटेल ते बोलले. पण हात दिसतो. उजव्या बाजूने येतो, दाढीवाल्याच्या तोंडापाशी माइक धरतो आणि तसाच स्थिर राहतो. लहानपणी सायकलवरून पडून त्याचं कोपर मोडलं होतं, तेव्हापासून तो हात पूर्ण सरळ होत नसे. अवघडून धरला आहे, दुखत असणार, पण दाढीवाल्याचं बोलणं संपेपर्यंत हलला नाही. मी पडद्यावर बोट ठेवून म्हटलं, हा माझा भाऊ.

आणि तो तारखेचा प्रश्न. आधी मला वाटलं, हा काय प्रश्न झाला? असं तर मी शाळेत कारकुनाला रोज विचारायचे. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. कडाडणारा प्रश्न त्याने दुसऱ्याला विचारू दिला आणि कामाचा प्रश्न स्वतः विचारला. माझं भाषण लिहून झालं, ठकू. एका बैठकीत झालं.

आता रागावू नकोस. मी तुमच्या संपादकांना पत्र धाडलं आहे. त्यांना लिहिलं की तुम्ही माझ्या भावासाठी रडलात, ते मी पाहिलं आणि विसरणार नाही. पण तुम्ही त्याला जो प्रश्न दिलात तो त्याने जिवंतपणी कधी घेतला नाही, लोक देत होते तरी घेतला नाही. आता त्याला नको म्हणता येत नाही, म्हणून त्याची मुलगी त्याच्या वतीने नको म्हणते आहे. तिला तुम्ही टेपांच्या खोलीत बसवलंत. तुम्ही चुकलात की तो तुम्हाला कुठे बसवायचा, ते आठवून पाहा. खाली सही केली, त्याची थोरली बहीण.

रंगाऱ्याला मी बरी झाल्याचं कळवलं. भिंतीवर फक्त नाव घालायचं.

आत्या


७ एप्रिल

प्रिय आत्या,

काय लिहिलंस ते मला आधी सांगितलं असतंस तर मी पाठवू दिलं नसतं. बरं झालं नाही सांगितलंस.

संपादक स्वतः टेपांच्या खोलीत आले. स्टूल ओढून बसले. म्हणाले, "मी चुकलो की सर मला स्वतःच्या शेजारी बसवायचे."  मी त्यांना चित्रण दाखवलं. हात दिसला तसे ते उठूनच उभे राहिले. म्हणाले, हेच दाखवू, मागे संगीत घालू, आख्खा देश डोक्यावर घेईल. चुकीची दुरुस्ती होईल आणि सर आणखी मोठे होतील.

आत्या, माझा जीव किती ओढला म्हणून सांगू. एका बाजूला बाबांचा तो हात, लाखो लोकांनी पाहिला असता. पण बाबांचा नियम होता, चूक सांगताना स्वतःची फुशारकी घालायची नाही. चूक झाली म्हणायचं, खरं काय ते सांगायचं आणि गप्प बसायचं, नाहीतर ती दुरुस्ती राहत नाही, जाहिरात होते. मी नाही म्हटलं. संपादक वैतागले, दार आपटून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. म्हणाले, लिही, तूच लिही. मी वाचतो. ते पडद्यावर येऊन बरीच वर्षं झाली आहेत.

दाढीकाकांना मी कळवलं. ते म्हणाले, बापावर गेलीस, तुम्ही दोघेही कुणाला काही देऊ देत नाही. आणि फोन ठेवला. पण आवाज भरला होता.

या रविवारी, संध्याकाळच्या बातम्या. पहिलंच वाक्य चुकवू नकोस. माझ्या कराराचं अजून कुणी काही बोललेलं नाही.

ठकू


१४ एप्रिल

ठकू,

मी सगळ्यांना बोलावलं होतं. कार्यक्रमाला जे जे आले होते त्या सगळ्यांना. टाळ्या माझ्या खोलीत पडल्या होत्या, तर हेही माझ्याच खोलीत ऐकलं जावं असं मला वाटलं. का बोलावलंय ते मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निम्मे आले नसते.

तुमचे संपादक समोर बसले. टाय वाकडा होता, ते तेवढं पाहिलंच मी. आणि म्हणाले, "आधी आमची चूक." शेजारच्या बाई आनंदाने म्हणाल्या, अगं, हे तर तुझा भाऊ म्हणायचा. मग पुढचं आलं. तो प्रश्न आमच्या दिवंगत सहकाऱ्यांनी विचारला असं आम्ही सांगितलं, ते खरं नव्हतं. मग दाढीवाल्याचं संपूर्ण नाव, त्याच्या वाहिनीचं नाव, प्रश्न त्यांनी विचारला होता. चूक आमची. आणि लगेच दुसरी बातमी सुरू. 

 जो तो माझ्याकडे न बघण्याच्या खटपटीत. शेवटी खालच्या मजल्यावरच्या बाई हळहळून म्हणाल्या, "म्हणजे तो प्रश्न त्यांचा नव्हताच का हो? वाईट वाटलं."

ठकू, त्या हाताची गोष्ट माझ्या अगदी ओठांवर आली होती. शेजारच्या खोलीत संगणक आहे, बटण मला माहीत आहे, सगळ्यांना उठवून नेलं असतं आणि तोंडात बोटं घालायला लावली असती. तुला माहीत आहे, बसमधल्या अनोळखी बाईपाशीही मला गप्प बसवलं नाही. पण तू लाखो लोकांपासून जे राखलंस ते मी वीस माणसांत उधळायचं? दातांवर दात दाबून बसले.

मग मी म्हटलं, "नव्हता. तो प्रश्न माझ्या भावाचा नव्हता. ही दुरुस्ती मात्र त्याच्या मुलीची आहे. तिने नोकरी पणाला लावून त्याची चुकीची स्तुती परत घ्यायला लावली."

खालच्या बाईंनी पदराने डोळे पुसले. बातम्या संपेपर्यंत कुणी हललं नाही, आणि नावांची पट्टी सरकली तेव्हा मी उठून पडद्याजवळ गेले. तुझं नाव होतं, म्हणजे तुला बातम्यांवर परत घेतलं. नव्या कराराचं तू मला लिहिलं नाहीस, की तुलाही तेव्हाच कळलं?

टाळ्या पडल्या होत्या त्या दिवशी मी चहा करत, दाराशी धावत, हुरळून गेले होते. काल कुणी टाळी वाजवली नाही, आणि त्याची बहीण म्हणून मी त्या खुर्चीत जन्मात कधी बसले नव्हते एवढी ताठ बसले होते.

त्याची ताई, तुझी आत्या